परीक्षकांची निवड आणि निकालाची कारणे

कलामहोत्सवातील स्पर्धेचा निकाल लागला की दोन तक्रारी हमखास कानी येतात. परीक्षक पक्षपाती होते, ही एक; आणि परीक्षकांना त्या कलेतले काही कळत नव्हते, ही दुसरी. दोहोंवर उपाय मात्र एकच सुचविला जातो, तो म्हणजे पुढच्या वर्षी परीक्षक बदलावेत. वस्तुतः हे दोन दोष भिन्न जातीचे आहेत. पहिल्याचा संबंध परीक्षकाच्या शीलाशी आहे, दुसऱ्याचा रसज्ञतेशी. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. या विषयाचा विचार करताना प्राचीन अथेन्सचे उदाहरण फार उद्बोधक ठरते.

डायोनिसस देवतेच्या वार्षिक उत्सवात तेथे नाट्यस्पर्धा होत. परीक्षक निवडण्याची रीत अशी होती : नागरिकांच्या दहा गणांतून नावे घेऊन ती दहा कलशांत टाकीत, कलशांना मोहोर लावीत आणि ते अक्रोपोलिसवर राखणीखाली ठेवीत. मोहोरेशी खेळ करणाऱ्यास देहदंडाची शिक्षा होती. उत्सवाच्या दिवशी प्रत्येक कलशातून एक चिठ्ठी निघे, आणि ज्याचे नाव निघे तो शपथ घेऊन आसनावर बसे. शेवटी दहांनी लिहून दिलेल्या मतांपैकी सगळी नव्हे, तर पाचच मते चिठ्ठ्यांप्रमाणे उचलून निकाल ठरवीत, असे अभ्यासक मानतात. कोणाचे मत मोजले जाणार हेच ठाऊक नसेल, तर लाच देणार तरी कोणाला? प्रामाणिकपणाच्या रक्षणासाठी याहून कडेकोट व्यवस्था क्वचितच कोणी उभारली असेल.

परंतु या व्यवस्थेतून निघालेले निकाल पाहावेत. सोफोक्लीजचे जे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले, ते ज्या नाट्यसंचात होते त्याला पहिले पारितोषिक मिळाले नाही. ते मिळाले एस्किलसचा भाचा फिलोक्लीज याला, आणि त्याचे एकही नाटक आज शिल्लक नाही. इ. स. पू. ४३१ मध्ये युरिपिडीजची 'मिडीया' तिसरी आली, इ. स. पू. ४२३ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'मेघ' या प्रहसनालाही तिसऱ्याच स्थानावर समाधान मानावे लागले. चिठ्ठीने निःपक्षपाती माणूस मिळतो. रसिक मिळेलच असे नाही.

मग जाणकारच नेमावेत काय? इ. स. पू. ४६८ मध्ये प्रेक्षकांत तट पडलेले पाहून अधिकाऱ्याने चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि किमॉन व त्याचे नऊ सहकारी सेनापती यांनाच परीक्षक केले, असे प्लुटार्क सांगतो. एस्किलस हरला, तरुण सोफोक्लीज जिंकला. निकाल वाईट झाला असे म्हणवत नाही. पण तो मान्य झाला तो सेनापतींच्या दबदब्यामुळे. नाट्यकलेशी त्या दबदब्याचा संबंध काय? आपल्याकडेही प्रतिष्ठितांची नावे पत्रिकेवर घालून निकालाला वजन आणण्याचा मोह संयोजकांना होतो, त्याची ही जुनी आवृत्तीच म्हणायची.

प्लेटोने परीक्षकाला प्रेक्षकांचा शिष्य न मानता गुरू मानले आणि टाळ्यांच्या कडकडाटाने त्याने वाहून जाऊ नये असे बजावले. अ‍ॅरिस्टोफेनिस मात्र परीक्षकांना पुरता ओळखून होता. 'पक्षी' या प्रहसनात त्याचे पक्षी परीक्षकांना आमिष दाखवितात आणि निकाल विरुद्ध गेल्यास त्यांच्या पांढऱ्या वस्त्रांवर घाण टाकण्याची धमकी देतात! दुसऱ्या एका नाटकात, आपला प्रयोग चिठ्ठीने पहिला आला म्हणून शेवटच्याचीच आठवण ठेवू नका, अशी विनवणी आहे. सकाळी पहिल्यांदा रंगमंचावर जाणाऱ्या आपल्या प्रत्येक नाटकमंडळीला ही धास्ती परिचयाची वाटेल.

अथेन्सच्या व्यवस्थेत खरे न्यून होते ते निराळेच. निकाल उरले, कारणे उरली नाहीत. 'मिडीया' तिसरी का आली याचे उत्तर परीक्षकांनी लिहून ठेवलेले कोठेही आढळत नाही. त्यांच्या पाटीवर केवळ क्रम असे. म्हणून ते निकाल नाट्यसमीक्षेला काहीच देऊ शकले नाहीत.

आपणही येथेच उणे पडतो. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकही एकांकिका करंडकास पात्र नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला आणि मोठी चर्चा उसळली. करंडक राखून ठेवणे हा परीक्षकांचा अधिकारच आहे. तथापि असा निर्णय ऐकताच कलावंताच्या ओठी 'का?' हा प्रश्न येतो, आणि पहिला क्रमांक मिळाला तरी तो प्रश्न तितकाच न्याय्य असतो. गोव्यातील भजनी मंडळे, बेळगावचे हौशी नट, इंदूर-बडोद्याचे नाट्यसंघ महिनोन्‌महिने पदरमोड करून तालमी करतात. त्यांच्या हाती गुणांचा आकडा तेवढा पडतो. भजनात लय कोठे सुटली, संहितेचा दुसरा प्रवेश का लांबला, हे त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून सूचना एवढीच, की परीक्षक निवडताना त्याचा अधिकार आणि अलिप्तता जरूर पाहावी. पण पत्करण्यापूर्वी त्याच्याकडून एक अट मान्य करून घ्यावी : प्रत्येक प्रयोगाविषयी स्वतःच्या सहीने निदान अर्धे पान लिहावे, आणि ते त्या मंडळीच्या हाती पडावे. पक्षपाती मनुष्याला असे लिहिणे जड जाईल, अजाणत्याला त्याहून जड. जाणकाराचा निकाल कदाचित चुकेलही; पण त्याने लिहिलेल्या अर्ध्या पानातून हरलेल्या नटाला पुढच्या तालमीसाठी काहीतरी मिळालेले असेल.