तळहातावरचे दशावतार

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहायला गेलेल्या माणसाची नजर साहजिकच आधी राजांच्या पानांकडे वळते. आपण मात्र मत्स्यावताराचा एक्का उचलू. तळहातात सहज मावणारे गोल पान, कडेने रंगीत किनार आणि आत एकटाच मासा. एवढ्या मोकळ्या वर्तुळात त्या एकट्याने शोभून दिसायचे तर चिताऱ्याचा हात सराईत हवा. शेपटीला कुंचल्याचा किंचित झोल मिळाला की भोवतीच्या सपाट रंगाचेच पाणी होऊन जाते. मग दुर्री, तिर्री करत दश्शीपर्यंत यावे. मासे दहा झाले, वर्तुळ मात्र वाढलेले नाही. आता त्यांना दाटीवाटीने बसवायचे, तरी कुणाचा कल्ला कुणाच्या शेपटीखाली जाता कामा नये, आणि खेळणाऱ्याला डाव चालू असताना एका नजरेत मोजता आले पाहिजेत. अंकांची पाने म्हणून कुणी ती हातावेगळी केलेली नाहीत. माझ्या मते गंजिफ्याचे खरे सौंदर्य राजांहून अधिक या सत्त्या-अठ्ठ्यांत आहे, कारण चिताऱ्याची गंमत इथेच मोकळी सुटते.

दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची बारा-बारा पाने, एकूण १२०. परशुरामाला परशू, वामनाला कमंडलू, कूर्माला कासव, अशी ज्याची त्याची खूण. जुन्या पद्धतीत कापडाच्या वा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून पान कडक करत, त्यावर खडूचा लेप देऊन ते घोटत आणि मग रंग चढे. वर लाखेची झिलई. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे ज्या लखलखीत पिवळ्या-तांबड्याने आपल्याला लहानपणी भुलवीत, त्याच घराण्यातला हा रंग आहे. सावल्यांच्या भानगडीत न पडणारा, आपल्या जागी ठाम बसलेला.

आता राजा पाहू. माशाच्या उघड्या मुखातून कमरेपर्यंत वर आलेला चतुर्भुज विष्णू, आणि त्याचे ते रुंद, काळ्याभोर रेषेने कोरलेले डोळे. पुराणातल्या प्रलयाचे भय इथे औषधालाही नाही. प्रधान तर बहुधा घोड्यावरच बसलेला, जणू अवतारकार्य सोडून जत्रेला निघालेला. ज्या मुलखात रात्रभर पेट्रोमॅक्सच्या उजेडात दशावतारी नाटके रंगली, तिथल्या चिताऱ्याला देव इतके ओळखीचे वाटावेत यात नवल काय? आणि देवांना हातात धरून पिसणे, वाटणे, पटावर आपटणे, हे सगळे या कलेने किती निःशंकपणे मान्य केले आहे, त्याचा आनंद वेगळाच.

खेळाच्या नियमांतही हा खट्याळपणा मुरलेला आहे. निम्म्या अवतारांत राजा-प्रधानांनंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी तळाला. म्हणजे एका रंगात लीन झालेले पान दुसऱ्यात मान उंचावून बसते. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या. सूर्यवंशी राम आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण, यांच्या घटका कुणी तरी मोठ्या प्रेमाने वाटून दिल्या आहेत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. त्या दरबारी खेळाला दशावतार भेटले आणि कोकणच्या मातीत तो असा आपल्या घरचा झाला.

तो टिकला, यामागे एक हृद्य कहाणी आहे. छापील पत्ते आले, गंजिफ्याची मागणी ओसरली, आणि एक वेळ अशी आली की ही विद्या पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या बोटांत तेवढी उरली. तेव्हा संस्थानचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडे शिकायला बसले. राजाने प्रजेतल्या कारागिराकडून कुंचला कसा धरावा हे समजून घेतले, आणि मग राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभे केले. दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून, पान डाव्या हातात फिरवत रंगवतात, ते जवळ उभे राहून जरूर पाहावे.

पुष्कळजण संच विकत घेतात आणि दिवाणखान्यात चौकटीत लावतात. भिंतीवर तो देखणा दिसतोच, पण मला तो डाव मांडलेला अधिक आवडतो: तिघांनी चाळीस-चाळीस पाने वाटून घ्यावीत, दिवस असेल तर कुणाच्या हाती राम आला ते विचारावे, आणि ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करावी.