सत्तर अंशांचे पाणी

बाळासाठी पावडरचे दूध सुरक्षितपणे कसे तयार करावे, यावर जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली एक मार्गदर्शिका काढली. रुग्णालयांसाठी आणि घरांसाठी तिच्यात वेगवेगळ्या सूचना आहेत. जीवशास्त्राच्या शिक्षकाने ती जरूर वाचावी, मात्र भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला शेजारी बसवून.

अशा मार्गदर्शिकेची गरज का पडली हे समजायला एक घटना पुरे. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातले अपुऱ्या दिवसांचे बाळ मेंदूच्या आवरणाला सूज येऊन दगावले. त्याला कारण झालेला जिवाणू (तेव्हाचे नाव एन्टेरोबॅक्टर साकाझाकी, आताचे क्रोनोबॅक्टर) त्याच पावडरच्या न उघडलेल्या डब्यातही सापडला. डबा सीलबंद म्हणजे आतला माल निर्जंतुक, ही आपली समजूत. ती चूक आहे. कोरड्या पावडरीत हे जिवाणू वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरून राहतात. मार्गदर्शिका हे आडपडदा न ठेवता सांगते, हा तिचा मोठा गुण.

तिचा मुख्य नियम असा: पावडर घालताना पाणी ७० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले नसावे. ‘उकळून कोमट केलेले पाणी घ्या’ या सूचनेची आपल्याला सवय आहे. पण कोमट पाण्यात जिवाणू मरत नाहीत, उलट वाढीला लागतात. सत्तर अंशांना क्रोनोबॅक्टर काही सेकंदांत मरू लागतो. एवढ्या उष्णतेने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात हा आक्षेप खरा असला, तरी तोल कुठे झुकतो हे उघड आहे. तयार दूध थंड जागी ठेवले नसेल तर दोन तासांत संपवावे किंवा फेकावे, हा दुसरा नियम. तो गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल. समजा, जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात. दोन तासांत एकाचे सोळा होतील, चार तासांत २५६, आठ तासांत ६५,५३६. रात्रीचे दूध सकाळी पाजणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

माझी तक्रार पुढे आहे. रुग्णालयात तापमापक वापरता येतो. घरी मात्र सूचना अशी, की उकळलेले पाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ निवू देऊ नये. अर्धा तास, पण किती पाणी? लिटरभर पाणी किटलीत झाकून ठेवले तर ते बराच वेळ गरम राहते. तेच पाणी वाटीभर, उघडे, पंख्याखाली असेल तर अर्ध्या तासात सत्तरच्या कितीतरी खाली जाईल. पाण्याचे प्रमाण त्याच वाक्यात, त्याच ठळक अक्षरांत हवे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन भांडी, दोन तापमापक आणि घड्याळ एवढ्यावर याचे आलेख काढता येतील. (उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे.)

दुसरी तक्रार सौम्य आहे. भांडी स्वच्छ धुऊन निर्जंतुक करण्याबद्दल मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे, पण वाचकाच्या ध्यानात राहतो तो सत्तरचा आकडा. आणि दूध उत्तम असूनही घात होऊ शकतो. २०१९ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात स्यूडोमोनास जिवाणूंच्या संसर्गाने अपुऱ्या दिवसांची तीन बाळे दगावली. दात्या मातांच्या दुधात दोष नव्हता. दूध मोजण्याच्या साधनांतून जिवाणू पोचले होते. स्यूडोमोनासला ओल पुरते. आपल्याकडचे बोंडले आठवा. त्याच्या चोचीत आतून बोट जात नाही, ब्रशही धड जात नाही. उघडी वाटी आणि चमचा त्या मानाने बरे, कारण आत काय उरले ते दिसते.

दात्या मातांचे दूध हा या मार्गदर्शिकेचा विषय नाही, म्हणून त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. पण तिच्या सोबतीला ते प्रकरण वाचायला हवे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली दुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत दूध ६२.५ अंशांना तीस मिनिटे तापवतात. ते उकळत का नाहीत, असे विद्यार्थी विचारतील. उकळले तर आईच्या दुधातली संरक्षक प्रथिने जवळजवळ सगळीच निकामी होतील. ६२.५ अंशांना त्यांतली बरीच टिकतात. बॅसिलस सिरियसचे बीजाणू मात्र त्या उष्णतेतही जिवंत राहतात. म्हणून तापवून झाल्यावर दुधाचा नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवतात, आणि त्यात जिवाणूंची वाढ दिसली तर ती बाटली ओतून देतात.