नाव चुकलं, की भूमिका बदलली?

मंडळी, आज आम्ही एका तक्रारीची चिकित्सा करणार आहोत. थिंकपॅड एक्स२०० वर कोअरबूट हे मुक्तस्रोत फर्मवेअर चढवलं. मग 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली, तर डिस्कचा साटा कंट्रोलर 'आयडीई' म्हणून दिसला. मूळ बायॉसवर तोच 'एएचसीआय' दिसायचा. लगेच निष्कर्ष निघतो, की फर्मवेअरनं हार्डवेअर चुकीचं ओळखलं. आम्हाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

मुळात ही आज्ञा करते काय? प्रत्येक पीसीआय उपकरण दोन क्रमांक सांगतं : उत्पादकाचा आणि स्वतःचा. इंटेलचा क्रमांक ८०८६. पडद्यावर दिसणारं नाव चिप सांगत नाही. ते संगणकातल्या एका यादीतून शोधून छापलं जातं. यादी जुनी असेल तर नाव नीट दिसणार नाही. पण ड्रायव्हर नाव वाचतच नाही. तो क्रमांक किंवा उपकरणाचा वर्ग पाहून जोडला जातो.

आता आपल्या उदाहरणाकडे या. आयसीएच९-एम मधला साटा कंट्रोलर आयडीई पद्धतीत २९२८ हा क्रमांक सांगतो, एएचसीआय पद्धतीत २९२९. पद्धत कोण ठरवतं? यंत्र सुरू होताना फर्मवेअरच ठरवतं. शिंपल्याला चांदी समजणं, याला नैयायिक अन्यथाख्याती म्हणतात. तिथं चांदी समोर नसतेच. इथं मात्र कंट्रोलर खरोखरच आयडीईसारखा वागतोय! ओळख बरोबर आहे, भूमिका बदलली आहे. कोअरबूटच्या सेटिंगमध्ये साटाची पद्धत बदलली, की काम झालं.

मग दोष कुणाचाच नाही का? आहे. ही आज्ञा साध्या रूपात नाव पुढं करते आणि क्रमांक झाकून ठेवते. नावावर विसंबलेला माणूस घाबरून फर्मवेअर पुन्हा लिहायला बसतो. ते लिहिणं बिघडलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. मग तो उघडून चिपला क्लिप लावण्याची वेळ येते. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर एका लेबलासाठी!

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की 'एलएसपीसीआय -एनएनके' असं विचारा. आधी क्रमांक बघा, मग ड्रायव्हर जोडला गेलाय का ते बघा, नाव सगळ्यात शेवटी. ज्ञान खरं की खोटं, हे नैयायिक प्रवृत्ती सफल होते का यावरून ठरवतात. पाणी दिसलं, तर पिऊन तहान भागते का ते पाहायचं. तशी इथं डिस्क वाचली जातेय का, ते पाहायचं. मुक्तस्रोत फर्मवेअरचं मोल आम्हाला इथंच दिसतं : ते कधी चुकत नाही असं नव्हे, पण चूक कुठं आहे हे आपल्याला स्वतः तपासता येतं. तो हक्क मिळवायचा आणि वापरायचाच नाही, याला काय म्हणावं?