कौतुक आणि आदर

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां काही महाराष्ट्रीयांचा रविवारी सकाळी सायकलीवरून फिरावयाचा परिपाठ आहे. चाणक्यपुरीतील शांतिपथ त्या वेळी बराच मोकळा असतो, आणि आठवडाभर फायलींवर वाकलेल्या पाठीला तेवढाच आराम. मंडळींत एक भगिनी आहेत. मूळच्या नागपूरकडील, येथे एका मंत्रालयात कक्ष अधिकारी. मध्यंतरी एका रविवारी त्या आम्हां सर्वांच्या कितीतरी आधी चहाच्या टपरीवर येऊन पोचल्या. आम्ही धापा टाकीत मागून आलो आणि टाळ्या वाजविल्या. कोणीतरी म्हणाले, "ताई, बाईमाणूस असून कमाल केलीत!" त्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागच्या रविवारी तुम्ही पहिले आलात, तेव्हा गिअर कोणता ठेवला होता म्हणून सगळ्यांनी तुम्हांला विचारले. मला कोणीच काही विचारले नाही."

टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

योगायोग असा, की त्याच सुमारास बेरिल बर्टन या इंग्लिश सायकलपटूचे 'पर्सनल बेस्ट' हे आत्मचरित्र मी वाचीत होतो. कॉलिन कर्बी यांच्या सहकार्याने लिहिलेले हे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. बर्टनबाईंचा जन्म १९३७ चा. (पुरुष सायकलपटूच्या नावाला आपण असे काही जोडीत नाही, हे लिहिता लिहिताच ध्यानात येते, पण सवय जात नाही.) लहानपणी संधिवाताच्या तापाने त्या दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या होत्या. पुढे त्यांनी यॉर्कशरमध्ये ऱ्हूबार्बच्या शेतात अंगमेहनतीचे काम केले, संसार केला, आणि सात वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले. शर्यतींतून पैसा मिळविणे हा व्यवसाय त्यांनी कधीच पत्करला नाही. ऑलिंपिकमध्ये मात्र त्या कधी उतरल्या नाहीत, कारण उतरावयास जागाच नव्हती. पुरुषांच्या सायकल शर्यती १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून होत आल्या. स्त्रियांची पहिली शर्यत झाली १९८४ साली. तोवर बाई सत्तेचाळीस वर्षांच्या झाल्या होत्या.

वाङ्मय म्हणून पाहता हे पुस्तक फार मोठे नव्हे. शर्यतीमागून शर्यत, अंतर, वेळ, वारा, पाऊस असाच त्याचा क्रम आहे. निसर्गवर्णनाची किंवा आत्मचिंतनाची अपेक्षा ठेवून बसणाऱ्या वाचकाची निराशा होईल. परंतु मला हा रूक्षपणाच मोलाचा वाटला. आम्हां कारकुनांना नोंदवहीची भाषा कळते. जो माणूस आपले काम मनापासून करतो, तो त्याविषयी बोलू लागला की आकडे बोलतो. स्त्रीने आपल्याविषयी लिहावयाचे म्हणजे अश्रू आणि सोसणे यांविषयीच लिहावयाचे, अशी जी एक अपेक्षा आपल्याही साहित्यव्यवहारात रुजलेली आहे, तिला हे पुस्तक काही दाद देत नाही.

त्यातील एक प्रसंग मात्र इंग्लंडात घरोघरी सांगितला जातो. १९६७ च्या सप्टेंबरात बारा तासांची एक शर्यत होती. त्या अवधीत जो अधिक मैल कापील तो श्रेष्ठ. पुरुष आधी सुटले, स्त्रिया मागून. सव्वादोनशेहून अधिक मैल झाल्यावर बर्टनबाईंनी माइक मॅक्नमारा या आघाडीच्या पुरुष स्पर्धकाला गाठले, खिशातून ज्येष्ठमधाची रंगीत गोळी काढून त्याला दिली, आणि त्या पुढे गेल्या. बारा तास संपले तेव्हा त्यांचे २७७.२५ मैल झाले होते. मॅक्नमाराचे झाले २७६.५२, तोही पुरुषांचा नवा उच्चांकच होता. एका स्त्रीचा आकडा पुरुषांच्या आकड्याच्या वर राहिला, आणि तो सुमारे दोन वर्षे तसाच राहिला. स्त्रियांत तर तो २०१७ पर्यंत कोणी मोडू शकले नाही.

आता गंमत पाहावी. ज्याला बर्टनबाईंविषयी एकच गोष्ट ठाऊक असते, त्याला ती गोळी ठाऊक असते. मैल ठाऊक नसतात. असे का व्हावे? मला वाटते, गोळी हातात आली की पराभव गिळणे सोपे जाते. शर्यत जिंकून गेलेली बाई त्या क्षणी मावशी होते, खाऊ देणारी होते. कौतुकाचा हाच गुण आहे, की ते ज्याचे करावयाचे त्याला आधी थोडे लहान करून घेते.

मूळ पुस्तकात हा प्रसंग इतका गोड नाही. मॅक्नमाराला गाठताना बर्टनबाईंना आनंदापेक्षा अवघडलेपण अधिक जाणवते; त्याच्या दिवसभराच्या पराक्रमाचे श्रेय आपल्यामुळे झाकोळले जाणार, याची त्यांना हळहळ वाटते. खिलाडूपणा म्हणून वाचक याची वाहवा करतील, आणि तो आहेही. तरीही एक प्रश्न उरतो. मागून येऊन पुढे जाणाऱ्या किती पुरुषांनी असे मनातल्या मनात ओशाळून घेतले असेल? त्या गोळीत औदार्य आहे, तसाच थोडा माफीनामाही आहे, असे माझे मत झाले आहे.

याच्या शेजारी १९७६ चा प्रसंग ठेवून वाचावा. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रस्त्यावरील शर्यतीत बर्टनबाईंना त्यांच्या पोटच्या मुलीने, डेनिसने, अखेरच्या क्षणी मागे टाकले. विजेत्यांच्या मंचावर आईने मुलीशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले. हे वागणे वाईट होते, आणि बाईंनी ते पुस्तकात लपविलेले नाही. पण हा प्रसंग आला आणि माझ्या दृष्टीने त्या चरित्रनायिका झाल्या. पुरुष खेळाडूच्या हट्टाला, रागाला, हावरेपणाला आपण 'जिद्द' म्हणतो. स्त्रीला तेवढीही मुभा नसेल, तर तिच्यापुढे ठेवलेला नारळ आणि शाल काय कामाची?

सायकलीच्या जगात उघडा अनादर नाही असे नव्हे. २०१३ साली फ्लॅंडर्सच्या नामांकित शर्यतीत दुसऱ्या आलेल्या वीराने मंचावर फुले द्यावयास उभ्या असलेल्या तरुणीला चिमटा काढला, आणि जगभर छी-थू झाल्यावर क्षमा मागितली. दोनच वर्षांनी त्याच भागातील दुसऱ्या एका शर्यतीच्या चालकांनी तशाच चिमट्याचा विनोद करून जाहिरातीचे चित्र काढले. तेही मागे घ्यावे लागले. यावर फार लिहिण्यात अर्थ नाही. असला प्रकार डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा निषेधही होतो. स्त्रीदाक्षिण्याचे कपडे घालून येणारा अनादर ओळखणे अवघड.

तो टाळून लिहिता येते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. पी. साईनाथ यांच्या 'एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्राउट' (१९९६) या पुस्तकात तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यावर एक लेख आहे. नव्वदीच्या दशकारंभी तेथील जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या मोहिमेतच स्त्रियांना सायकल शिकविण्याचे काम गोवले. (सरकारी फायलीतून असेही काही निघते, हे आम्हां मंडळींना सुखावणारे आहे.) शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाडीत शिकविणाऱ्या अशा हजारो बाया सायकलीवर बसल्या, रस्त्यावर अचकट-विचकट बोल ऐकले आणि तशाच पुढे गेल्या. साईनाथ त्यांना देवी करीत नाहीत आणि अबलाही करीत नाहीत. बसची वाट पाहण्यात किती वेळ जाई, माल घेऊन किती गावे फिरता येऊ लागली, असे ते विचारतात. अनेकींनी लेडीज सायकल सोडून जेंट्स सायकल घेतली, हे ते नोंदवितात. कारण पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते. विचारले, म्हणून हे कळले. टाळ्या वाजवून निघून गेलेल्या माणसाला ते कधीच कळले नसते.

'पर्सनल बेस्ट' मी आमच्या नागपूरकर भगिनींना वाचावयास दिले आहे. कसे वाटले म्हणून परवा विचारले, तर म्हणाल्या, "गोळीची गोष्ट मला ठाऊक होती. त्या बारा तासांत बाईंनी खाल्ले-प्याले काय, आणि सायकलीवरून उतरल्या किती वेळा, तेवढे पान दाखवा."