आवाहनाची भाषा : विद्यापीठीय निधिसंकलनातील काही शब्दांची चिकित्सा

विद्यापीठे व महाविद्यालये समाजापुढे निधीसाठी जी आवाहने ठेवतात, ती मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार मानावयास हरकत नाही. या प्रकाराला स्वतःची शब्दकळा आहे, ठराविक मांडणी आहे आणि वाचकाविषयीचे एक गृहीतही आहे. मागणीची कलमे बहुधा तीन असतात : गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य, संशोधनास उत्तेजन आणि परिसराचे नूतनीकरण. हा साचा पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आलेला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने २०१३ ते २०१८ या काळात चालविलेल्या मोहिमेत ९.६ अब्ज डॉलर जमविले, तेव्हा तिची कलमेही स्थूलमानाने याच वर्गांत बसणारी होती. मराठीत मात्र या साच्यावर 'सढळ हस्ते', 'फूल ना फुलाची पाकळी', 'खारीचा वाटा' असा जुना पोशाख चढविलेला दिसतो. साचा आणि पोशाख यांचे परस्परांशी जुळते काय, आणि जुळत नसल्यास त्यातून काय झाकले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी बुलढाणा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे, यास कारण आहे. या जिल्ह्यात विद्यापीठाचे मुख्यालय नाही. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि १९८३ पासूनचे अमरावती विद्यापीठ यांच्या कक्षेत तो क्रमाने राहिला. येथील उच्च शिक्षण उभे राहिले ते महाविद्यालयांच्या रूपाने, आणि त्यातील बराच भाग लोकांच्या पैशावर. त्यामुळे शिक्षणासाठी पैसा मागण्याच्या व देण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा, आणि त्यांना अनुरूप असे निरनिराळे शब्द, येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

१. देण्याचे शब्द

विद्यार्थ्याच्या पोटापाण्याशी निगडित असे जुने शब्द म्हणजे 'माधुकरी' आणि 'वार'. माधुकरी मागणारा विद्यार्थी दारोदार शिजविलेले अन्न घेई. वार लावून जेवणारा आठवड्यातील एकेक दिवस एकेका घरी जाई. या व्यवहारात देणारा समोर असे आणि घेणाऱ्याचा चेहरा त्याला ठाऊक असे. मिंधेपणाही अर्थातच त्यात होता. कोणत्या जातीच्या मुलाला कोणत्या घरी वार मिळावयाचा हे ठरलेले असल्यामुळे हा आधार सर्वांसाठी नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शब्दांच्या जागी दुसऱ्या जातीचे शब्द आले. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा जमविण्याची कल्पना मांडली. त्या 'पैसा फंडा'तून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांच्या कार्यात 'मुष्टिफंड' हा शब्द रुळला : घरातील बाईने रोज मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढावयाचे. दोन्ही समास संकर आहेत. पहिले पद मराठी किंवा संस्कृत, दुसरे इंग्रजी. परंतु त्यांचा खरा विशेष अर्थाचा आहे. मोजण्याचे माप, म्हणजे पैसा किंवा मूठ, शब्दातच सांगितले आहे आणि ते कोणालाही झेपणारे आहे.

हीच कल्पना 'वर्गणी' या शब्दात अधिक स्वच्छ दिसते. वर्गणी ही वाट्याला येते. ती देणारा अनेकांपैकी एक असतो. वऱ्हाडातील कोणत्याही गावी सप्ताहाची अथवा उत्सवाची वर्गणी गोळा झाल्यावर यादी लागते आणि पाच रुपये देणारासुद्धा हिशेब विचारू शकतो. त्याचा हा हक्क कोणी लिहून दिलेला नसतो. तो शब्दाच्या वापरातच गृहीत असतो. 'देणगी'चे तसे नाही. देणगी देणारा स्वतःच्या इच्छेने देतो, तिचे प्रमाण तोच ठरवितो आणि तिचा उल्लेख त्याच्या नावाने होतो. वर्गणीत गाव दिसते, देणगीत व्यक्ती दिसते. 'निधी'त तर दोन्ही दिसत नाहीत. संस्कृतात निधी म्हणजे ठेवलेली वस्तू, ठेवा. कोणी ठेवला आणि कोणाला विचारून काढावयाचा, याविषयी हा शब्द मौन बाळगतो. आजची आवाहने प्रायः 'निधी' हाच शब्द पसंत करतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

२. 'देणगी' आणि 'डोनेशन'

शब्दांच्या या इतिहासात १९८३ या वर्षाला विशेष महत्त्व आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. त्यानंतर 'डोनेशन' हा शब्द घरोघर पोहोचला. भाषाशास्त्रदृष्ट्या हे उदाहरण मोलाचे आहे. इंग्रजीत ज्याचा अर्थ स्वेच्छेने दिलेली रक्कम, तोच शब्द मराठीत सक्तीच्या रकमेसाठी रूढ झाला. 'देणगी' आणि 'डोनेशन' हे कोशात प्रतिशब्द असले, तरी व्यवहारात ते जवळजवळ विरुद्धार्थी ठरले. देणगी दिली जाते. डोनेशन भरावे लागते. क्रियापदच भेद सांगते. राज्याने १९८७ च्या अधिनियमाने प्रवेशासाठी असा पैसा घेण्यास मनाई केली, तेव्हा कायद्याला त्यासाठी 'कॅपिटेशन फी' हा वेगळा शब्द वापरावा लागला. लोकांनी मात्र आपला शब्द बदलला नाही.

याचा परिणाम आजच्या आवाहनांवर झालेला आहे. शिक्षणसंस्थेने पैसा मागितला की पालकाच्या मनात प्रथम 'डोनेशन' उभे राहते, आणि आवाहनातील 'दानशूर', 'ज्ञानदान', 'पवित्र कार्य' ही विशेषणे त्या संशयावर घातलेले पांघरूण ठरतात. विशेषणांची गर्दी जितकी अधिक, तितका संशय अधिक बळावतो.

त्याच १९८३ साली याच जिल्ह्यात शेगाव येथे श्री संत गजानन महाराज संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तेही विनाअनुदानितच, आणि तेथेही शुल्क आहेच. परंतु त्याच्यामागे असलेली संस्था भाविकांच्या अर्पणावर चालणारा विश्वस्त न्यास होती, आणि तिची शब्दकळा 'अर्पण', 'सेवा', 'सेवेकरी' अशी होती. शेतमजुरापासून व्यापाऱ्यापर्यंत हजारो माणसांनी पेटीत टाकलेला पैसा वर्गाखोल्या व प्रयोगशाळा यांत उतरला. येथे देणाऱ्याने महाविद्यालयासाठी म्हणून दिलेले नव्हते. देवस्थानावरील विश्वास शिक्षणाकडे वळविला गेला. यावरून दोन गोष्टी निघतात. जिल्हा दरिद्री असला तरी देण्याची वृत्ती येथे दुर्मीळ नाही. आणि ती वृत्ती आवाहनाच्या अलंकारांवर विसंबलेली नसून घेणाऱ्याच्या व्यवहारावरील भरवशावर विसंबलेली आहे.

३. नावाचा प्रश्न

मोठ्या देणगीबरोबर नाव येते. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठास सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. त्यातून १९४२ मध्ये तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ झाली तेव्हाही दात्याचे नाव टिकले. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. तेथील १९४७ च्या महाविद्यालयास कापूस व्यापाराशी संबंधित गोविंदराम सेकसरिया यांचे नाव आहे.

परंतु या नावांचे भाषेत पुढे काय होते? 'एस.एन.डी.टी.', 'एल.आय.टी.', 'जी.एस. कॉलेज'. दात्याचे नाव आद्याक्षरांत विरघळते आणि बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते निरर्थक ध्वनी बनते. नावासाठी दिलेल्या पैशाची ही भाषेने केलेली परतफेड काहीशी निष्ठुर खरी. मात्र पाटी टिकते, आणि पाटीच्या ओढीमुळेच तीन कलमांपैकी परिसराच्या कलमाकडे पैसा सर्वांत सहज वळतो. गंमत अशी की इंग्रजीतील 'कॅम्पस' आणि 'कॅम्पेन' हे शब्द मैदान या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले आहेत. मराठीतील 'मोहीम' आणि 'अभियान' हेही स्वारीचे शब्द आहेत. स्वारीच्या शेवटी दाखविण्यासारखे काही लागते, आणि इमारत दिसते.

येथेही शब्दाची निवड विचार करावयास लावते. 'नूतनीकरण' हा शब्द नवेपणाचे आश्वासन देतो. वास्तविक अनेक महाविद्यालयांची गरज नव्याची नसून गळक्या छपराच्या दुरुस्तीची आणि ग्रंथालयातील पुस्तकांच्या बांधणीची असते. त्यासाठी मराठीत 'जीर्णोद्धार' हा भारदस्त शब्द आहे आणि मंदिरासाठी लोक त्या नावाने आनंदाने पैसे देतात. तोच शब्द ग्रंथालयाला लावण्यास काय अडचण असावी, हे समजणे कठीण आहे.

४. संशोधनाचे मुके कलम

विद्यार्थ्याच्या कलमाला करुणेची भाषा आहे, परिसराच्या कलमाला वैभवाची. संशोधनाच्या कलमाला मराठी आवाहनात भाषाच नाही. 'संशोधनास चालना' यापलीकडे बहुधा वाक्य जात नाही. याचे मोल किती आहे, हे याच जिल्ह्यातील एका भाषेवरून दाखविता येते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात आणि लगतच्या मध्य प्रदेशात, निहाली ही भाषा बोलली जाते. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. तिच्यात कोरकूचे शब्द विपुल आहेत, मराठी-हिंदीचेही आहेत. पण मूळचा जो गाभा उरतो त्याचे कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते सिद्ध झालेले नाही. स्टेन कोनो यांनी १९०६ च्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात तिची नोंद केली. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आशा मुंडले यांनी निहालांमध्ये काम करून १९९६ मध्ये त्यांच्याविषयी लेखन प्रसिद्ध केले. डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनी तिचे प्रलेखन केले, त्यास लंडन येथे सुरू झालेल्या संकटग्रस्त भाषा-प्रलेखन कार्यक्रमाचे अर्थसाहाय्य होते. जनगणनेच्या प्रकाशित कोष्टकांत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत. म्हणून तेथे निहालीचे नाव आढळत नाही.

या साखळीत कोनो नॉर्वेचे, कायपर हॉलंडचे, आणि प्रलेखनाचा पैसा इंग्लंडमधून आलेला. ज्या जिल्ह्यात ही भाषा बोलली जाते तेथील देण्याचा ओघ तिच्यापर्यंत पोहोचल्याचे या साखळीत कोठेही दिसत नाही. याचा दोष देणाऱ्यांवर ठेवता येणार नाही. ज्यासाठी कोणी समजेल अशा शब्दांत मागितलेच नाही, ते दिले कसे जावे? लोणारच्या सरोवराचे नाव सर्वतोमुखी आहे. २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली आणि त्याच वर्षी त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. निहालीचे पाणी आटत असता रंग बदलत नाही, म्हणून ते दिसत नाही.

उद्योगांच्या पैशावर भिस्त ठेवावी, असे सुचविले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, हे खरे. परंतु त्याच कलमात आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास अग्रक्रम देण्याचे सांगितले आहे. कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या, मोठे उद्योग विरळ असलेल्या जिल्ह्यास या तरतुदीतून काय मिळावयाचे, हे सांगावयास नको.

५. समारोप

शब्द बदलल्याने तिजोरी भरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि शब्द नाते ठरवितो आणि नात्यावर हिशेबाची रीत अवलंबून असते. 'निधी'पेक्षा 'वर्गणी' म्हटले तर यादी लावावी लागेल आणि वर्षअखेर जमाखर्च वाचून दाखवावा लागेल. 'साहाय्य'पेक्षा 'शिष्यवृत्ती' म्हटले तर विद्यार्थ्याच्या दारिद्र्याचे वर्णन करण्याची गरज उरणार नाही, कारण 'वृत्ती' म्हणजे निर्वाहाचे हक्काचे साधन. संशोधनासाठी मराठीत 'गंगाजळी' हा नेमका शब्द उपलब्ध आहे. तिच्यात मुद्दल हलवावयाचे नसते आणि व्याजावर काम वर्षानुवर्षे चालते. एखाद्या भाषेचे प्रलेखन ज्या गतीने होते, ती गती या एकाच प्रकारच्या पैशाला सोसते.

अमरावती विद्यापीठास २००५ पासून संत गाडगेबाबांचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेला हा पुरुष हाती गाडगे घेऊन मागत असे आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा उभारीत असे. जेवावयाची ताटे विकावीत, पण मुलांना शिकवावे, असे ते सांगत. त्यांच्या मागण्यात अलंकार नव्हते. काय हवे, कशासाठी हवे आणि कोणासाठी हवे, एवढेच असे. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांनी पुढील आवाहन लिहिताना एवढे तीन प्रश्न समोर ठेवले, आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जळगाव जामोदच्या पायथ्याच्या वस्त्याही धरल्या, तर त्या आवाहनास विशेषणांची गरज पडणार नाही.