खाडी ‘बरी झाली’ हे ठरवायचं कोणी? चिल्काची यशोगाथा वाचताना

भूगोलाच्या पुस्तकात ‘लगून’ला खाजण म्हणतात आणि उदाहरण ठरलेलं: ओडिशातलं चिल्का. आमच्या मिठबावात मात्र खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, जिच्यावर भरतीचं पाणी चढतं. पीएचडीच्या प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिताना मी इथेच घसरलो. ‘चिल्काचं मॉडेल मिठबावच्या खाडीला लावता येईल का?’ असा प्रश्न मी घातला होता. काकांना तो वाचून दाखवला, तर ते म्हणाले, “खाडी बरी झाली ह्यां कोण ठरवतलो, तू की मी?” मसुदा तिथेच थांबला.

आधी चिल्काला त्याचं श्रेय देऊ. १९८१ मध्ये ते रामसर स्थळ झालं. पुढे गाळानं समुद्राकडचं मुख आकसलं, पाण्यातला खारेपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण माजलं आणि मासळी रोडावली. १९९३ मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो यादीत गेलं. चिल्का विकास प्राधिकरणानं सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख उघडलं. वर्षाला दोन हजार टनांखाली गेलेली मासळी थोड्याच वर्षांत दहा हजार टनांवर पोचली आणि २००२ मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आलं. यामागची कारणसाखळीही पटते: मुख मोकळं झालं, खारं पाणी आत आलं, तण हटलं, पिल्लांची ये-जा सुरू झाली.

मग टीका कशावर? माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला, तुलनेचा. आधीचं वर्ष तळातलं धरलं की नंतरचं कुठलंही वर्ष उंच दिसतं. त्यात ऑक्टोबर १९९९ मध्ये महाचक्रीवादळ येऊन गेलं होतं. ‘आधी आणि नंतर’ असे दोनच आकडे शेजारी मांडणं पुरेसं नाही. निदान दहा-पंधरा वर्षांची मालिका हवी.

दुसरा, मापाचा. टनांवरून मासळी किती ते कळतं, ती कुणाच्या होडीत गेली ते कळत नाही. चिल्कात कोळंबीच्या घेरींवरून पारंपरिक मच्छीमारांचा लढा चालू होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरोवरापासून हजार मीटरच्या आत कोळंबी संवर्धनाला मनाई केली, तरी मे १९९९ मध्ये सोराना गावात पोलीस गोळीबारात मच्छीमारांचे जीव गेले. फक्त टन मोजणाऱ्या आलेखात हे कुठेच दिसत नाही.

तिसरा, ‘स्थानिक शासन’ या शब्दाचा. चिल्काचं प्राधिकरण राज्य सरकारनं उभारलं आहे, ते पंचायतीचं नाही. आणि मिठबावात? कांदळवन वनखात्याकडे, खारबंधारा आणि त्याची उघाडी खारभूमी खात्याकडे, रेती महसूल खात्याकडे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय पंचायतीच्या विषयांत आहे, पण खाडीच्या मुखाबद्दलचा निर्णय ग्रामसभेच्या हातात नाही. २०१७ चे पाणथळ नियम किनारा नियमन क्षेत्रातल्या पाणथळींना लागूच होत नाहीत. उलट २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ‘मालवण’ आणि ‘आचरा-रत्नागिरी’ ही अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रं म्हणून नोंदली आहेत आणि त्यांचं व्यवस्थापन मच्छीमारांना सोबत घेऊन करायचं, असं म्हटलं आहे. संशोधनाचा खरा प्रश्न मला इथे दिसतो: कागदावरचा हा सहभाग गावात पोचतो का, आणि पोचत नसेल तर नेमका कुठे अडतो?

तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल तर ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द लिहिण्याआधी तीन ओळी लिहून बघा. काय मोजणार? कधीपासून मोजणार? ते माप कुणी ठरवलं? तिसऱ्या ओळीत फक्त ‘मी’ किंवा ‘खातं’ येत असेल, तर क्षेत्रभेट लवकर करा.

माझ्या नव्या मसुद्यात क्षारता आणि मासळीच्या शेजारी तिसरा रकाना आहे: ओहोटीला मुळे, कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना एका खेपेत किती मिळतं आणि त्यासाठी किती लांब जावं लागतं. हे माप त्यांनीच सांगितलं. ते टनांइतकं सुबक नाही आणि त्याची सरासरी काढणंही अवघड आहे. पण काकांना उत्तर देताना आता निदान मान खाली घालावी लागत नाही.