रॉकेटचा संच : जोडणी आहे, मोजणी कुठे?

पुठ्ठ्याची नळी, बाल्साचे पंख, पॅराशूट : छोट्या रॉकेटचा संच मुलांना आवडतो, यात शंका नाही. माझा आक्षेप सोबतच्या माहितीपत्रकांवर आहे. काय कुठे चिकटवावे हे त्यांत तपशीलवार असते. रॉकेट किती उंच गेले ते कसे मोजावे, हे बहुधा नसते. वास्तविक इंजिनावरील ‘ए८-३’ या खुणेतच एक धडा आहे. ए म्हणजे एकूण आवेग जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, ८ न्यूटन सरासरी रेटा आणि ज्वलनानंतर ३ सेकंदांनी पॅराशूट. ४० ग्रॅमच्या रॉकेटला यातून सेकंदाला फार तर ६० मीटर वेग मिळेल, हे मुले स्वतः काढू शकतात.

धाराशिवच्या शिक्षकांनी आधी वारा पाहावा. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत! १०० मीटरवरून सेकंदाला ४ मीटर वेगाने उतरणारे रॉकेट ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात सव्वाशे मीटर दूर, शेजारच्या तुरीत पडेल. शिवाय फटाक्याच्या दारूचे इंजिन कायद्याने स्फोटक ठरते.

त्यापेक्षा सायकलचा पंप, सोड्याची प्लॅस्टिक बाटली आणि तीत एकतृतीयांश पाणी घ्यावे. कोनमापकाला ओळंबा बांधावा. ५० मीटरवरच्या मुलीला ३० अंशांचा कोन मिळाला, तर उंची सुमारे २९ मीटर. त्यात तिच्या डोळ्यांची उंची मिळवायला मात्र विसरू नये.